राहून गेलेला तिसरा क्वार्टर

विशाखाताई गेल्याचं कळलं त्या दुपारी मी विद्यापीठाच्या लॅबमध्ये होतो. फोन बॅगेत आणि बॅग बाहेरच्या कपाटात होती. काचेच्या उभ्या नळीतून एका प्रथिनाचं मिश्रण थेंबाथेंबाने खाली उतरत होतं. ते मध्येच सोडून उठता येत नाही, म्हणून मी स्टुलावर बसून नळीकडे बघत होतो. बाहेर आल्यावर आईचे मिस्ड कॉल दिसले. आईने फोन उचलला आणि आधी विचारलं, "जेवलास का?" मी हो म्हणालो. मग ती म्हणाली, "विशाखा गेली रे. सकाळीच." त्यावर मी "बरं" म्हणालो. आईलाही त्यात काही वावगं वाटलं नसावं, ती पुढे कोण कधी येणार, कुठे जमायचं हे सांगत राहिली. मला मात्र ते "बरं" अजून ऐकू येतं... तिच्या बाबतीत मी पुष्कळदा तेवढंच म्हणालो होतो.

याला आता काही आठवडे झाले. मला लिहायची सवय नाही, आणि मराठीत तर अकोल्याची शाळा सुटल्यापासून काही लिहिलेलं नाही. पण तिच्याबद्दल इंग्रजीत लिहिणं मला जमलं नाही. दोन वाक्यं लिहिली, ती अर्जातल्यासारखी वाटली, म्हणून खोडली.

ती माझी सख्खी बहीण नव्हे, नात्यातलीही नव्हे. सिएटलजवळच्या बॉथेलमध्ये आमच्या अपार्टमेंटपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर ती राहायची. मूळची नागपूरची. नवरा प्रशांतकाका सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी साक्षी तेव्हा पहिली-दुसरीत. आम्ही अमेरिकेत आलो ते टॅक्सी चालवणाऱ्या थोरल्या काकांनी केलेल्या अर्जावर. बाबा एका हॉटेलच्या लाँड्रीत लागले, आई घरी लोकांची मुलं सांभाळू लागली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे इथलं कॉलेज वेगळं म्हणजे नेमकं काय वेगळं, हे विचारायलाही आमच्याकडे माणूस नव्हतं. कम्युनिटी कॉलेज घराजवळ होतं आणि तिथे मला घेतलं, एवढंच मला माहीत होतं. तिथे दोन-तीन वर्षं करून मोठ्या विद्यापीठात जाता येतं हे मी भिंतीवरच्या पोस्टरवर वाचलं.

महिन्यातून एकदा कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये बुद्धवंदना व्हायची आणि मग सगळे जेवायचे. तिथे बहुतेक जण इंजिनिअर. एका गृहस्थांनी मला विचारलं, "कुठे शिकतोस?" मी कॉलेजचं नाव सांगितलं. "अच्छा... कम्युनिटी कॉलेज. ठीक आहे, सुरुवातीला बरं असतं." ते चांगल्या मनानेच म्हणाले असतील, पण मी ताटात बघू लागलो. तेव्हा वरण वाढत येणारी एक बाई म्हणाली, "मीही तिथेच चालली न जानेवारीपासून." गृहस्थ हसले. "वहिनी, तुमचं वेगळं. तुम्हाला काहीतरी टाइमपास पाहिजे." "हो न भाऊजी," ती त्यांच्या भातावर वरण ओतत म्हणाली, "टाइमपासच. म्हणून तर केमिस्ट्री घेतली." ती पुढे सरकली आणि माझ्या ताटात वाढताना हळूच म्हणाली, "खाली काय पाहतं? मान वर कर."

ती विशाखाताई. तिचं बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला थांबलं होतं. लग्न झालं, साक्षी झाली, मग इकडे येणं झालं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला तेव्हा नोकरी करता येत नव्हती, शिकता येत होतं. "मग शिकते," ती म्हणायची, जणू दुकानात बटाटे नव्हते म्हणून रताळी घेतली. पण ते तसं नव्हतं. तिला बायोकेमिस्ट्रीची पदवी हवी होती, मोठ्या विद्यापीठाची, आणि ती हे मला पहिल्याच आठवड्यात गाडीत सांगून मोकळी झाली. दुसऱ्या कुणाला तिने ते सांगितलेलं मी ऐकलं नाही.

आमच्याकडे एकच गाडी होती आणि ती बाबांच्या पाळीला जायची. विशाखाताईच्या घरी संध्याकाळी साक्षीजवळ बसायला कुणी नव्हतं, कारण काकांना ऑफिसमधून केव्हाही फोन यायचा. म्हणून ठरलं ते असं: ती साक्षीला आमच्या घरी सोडायची, आई तिला जेवू घालायची आणि मी ताईच्या गाडीतून तिच्याबरोबर वर्गाला जायचो. कुणी कुणाला काही द्यायचं-घ्यायचं नव्हतं. तिचं शिकणं माझ्या आईवर चालायचं आणि माझं तिच्या गाडीवर.

सुरुवातीला मी तिला काकू म्हणायचो. लॅबमध्ये जोड्या लावल्या तेव्हा आम्ही दोघं एकत्र आलो, आणि बाजूच्या मुलीने काकूचा अर्थ विचारला. ताईने परतताना गाडीत सांगितलं, "काकू बंद. लॅब पार्टनर कधी काकू असते का? ताई म्हण." मी ताई म्हणू लागलो, पण प्रशांतकाका मात्र काकाच राहिले. "मी बहीण, तो काका. म्हणजे मी त्याची कोण रे, पुतणी?" असं ती चार लोकांत मुद्दाम विचारायची. साक्षीने मला मामा म्हणावं असा तिचा आग्रह. साक्षी माझ्याकडे नीट बघून म्हणाली होती, "मॉम, ही इज टू यंग टू बी अ मामा." ती आजही मला नावानेच हाक मारते.

गाडी चालवताना ती मला प्रश्न विचारायची. हायवेवर चढलो की सुरू. "सांग, ब्रोमीन कोणत्या कार्बनला चिकटणार?" मी सांगायचो. "काऊन?" हे काऊन, म्हणजे नागपुरी 'का', आलं की माझी तारांबळ उडायची. उत्तर मला पाठ असायचं, त्यामागचं कारण नसायचं. "चुकला तर उतरवून देईन इथेच," ती म्हणायची. तिला स्वतःलाही पुष्कळदा माहीत नसायचं. मग आम्ही कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडी उभी करून पुस्तक स्टिअरिंगवर टेकवून वाचायचो आणि वर्गात उशिरा शिरायचो. एकदा लॅबमध्ये केळ्याच्या वासाचं एस्टर बनवायचं होतं. तिच्या हातून त्याचे थेंब माझ्या जॅकेटवर सांडले. तेच जॅकेट मागच्या सीटवर, आणि त्याशेजारी आईने दिलेली मेथीची भाजी. काका दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन ऑफिसला गेले आणि परतून विचारते झाले, "विशाखा, गाडीत कोणी मेथीचं शिकरण केलं?" तिला इतकं हसू आलं की ती पायरीवरच बसली. तशी हसताना मी तिला नंतर फार वेळा पाहिली नाही.

बायोकेमिस्ट्रीचं गणित असं होतं. विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे त्या विषयात मिळाला असं नव्हतं. विषयासाठी वेगळा अर्ज, जागा थोड्या, आणि त्याआधी ऑर्गॅनिक केमिस्ट्री करणं भाग होतं. वर्षाचे तीन-तीन महिन्यांचे क्वार्टर पाडलेले. ऑर्गॅनिकचा पहिला भाग शरदात, दुसरा हिवाळ्यात, तिसरा वसंतात. कॉलेजच्या सल्लागार बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून बजावलं होतं की ही मालिका मध्ये तोडू नका, तिन्ही भाग एकाच ठिकाणी करा, कारण प्रत्येक ठिकाणी धडे वेगळ्या क्रमाने शिकवतात. आम्ही मान डोलावली. दोघांनी तिन्ही भाग इथेच संपवायचे, अर्ज एकत्र करायचे, असं ठरलं.

पण मला विद्यापीठाने वसंतातच बोलावलं. मी एक अर्ज आधीच टाकून ठेवला होता. ताईनेच टाकायला लावला होता, "सराव म्हणून." आता नाही म्हटलं तर पुन्हा मिळेल की नाही, ठाऊक नव्हतं. घरात कुणाला विचारावं? बाबा म्हणाले, "तू म्हणशील ते." मी ताईला गाडीत सांगितलं. तिने आरशात बघून लेन बदलली. मग म्हणाली, "जा." मी म्हणालो, "ताई, मालिका मोडेल." "तुझी मोडेल. तू हुशार आहेस, जोडशील. मी काय, मी इथंच आहे." मी "बरं" म्हणालो.

मी सिएटलमध्ये कॅम्पसजवळ राहायला गेलो. खर्च वाढला तशी आईने एका बेकरीत संध्याकाळची पाळी धरली. ऑर्गॅनिकचा तिसरा भाग कॉलेजात संध्याकाळीच होता. एवढं झालं. कुणी दार आपटलं नाही, कुणी शब्द दिला नाही की मोडला नाही. आईने साक्षीसाठी दुसरी बाई शोधून पाहिली. पण त्या बाई उशिरापर्यंत थांबायला तयार नव्हत्या. काका म्हणाले, "पुढच्या वर्षी घे ना, कॉलेज कुठे पळून जातंय." ताईने एकच आठवडा वर्ग केला, साक्षीला मागच्या बाकावर रंगीत पेन्सिली देऊन बसवून. मग सोडला. मला हे आईकडून कळलं. मी आईला म्हटलं, "तू पाळी बदलून मागायची होतीस." आई शांतपणे म्हणाली, "मग तुझं कसं झालं असतं?" जे झालं ते माझ्यासाठी झालं आणि मी ते घेतलं.

विद्यापीठात तिसऱ्या भागात मी गटांगळ्या खाल्ल्या. सल्लागार बाईंनी सांगितलं होतं तसंच, इथल्यांनी जे आधी शिकवलं होतं ते मी शिकलोच नव्हतो. शेजारी बसलेली मुलं हात वर करून प्राध्यापकांना प्रश्न विचारायची. मी फक्त लिहून घ्यायचो. कसाबसा निघालो आणि पुढे विषयातही प्रवेश मिळाला. ती बातमी मी ताईला फोनवर सांगितली तेव्हा ती "वा रे पठ्ठ्या" म्हणाली आणि पुढच्या वंदनेला तिने माझ्यासाठी खीर करून आणली. त्याच गृहस्थांनी माझी पाठ थोपटली. मी खीर खात होतो आणि ती वाढत होती... मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

सुट्टीत घरी आलो की तिच्याकडे जायचो. दार उघडताच ती विचारायची, "काय शिकवलं या वेळी?" आणि मी म्हणायचो, "काही विशेष नाही ताई. तेच ते." मला वाटायचं, तिच्यापुढे ते सगळं मांडणं म्हणजे उपाशी माणसाला जेवणाचं वर्णन ऐकवणं. म्हणून मी साक्षीच्या शाळेचं विचारायचो, काकांच्या ग्रीन कार्डचं विचारायचो, चहा प्यायचो. पुस्तकांची बॅग आमच्याच घरी ठेवून यायचो. मी तिला जपतो आहे असं मला खरंच वाटत होतं. तीही एक-दोनदा विचारून गप्प व्हायची. "पुढच्या वर्षी घेते," असं मध्ये मध्ये म्हणायची. पुढच्या वर्षी तिच्या पोटात दुखू लागलं, तपासण्या झाल्या, आणि त्यानंतर वर्गाचं नाव कुणी काढलं नाही.

या हिवाळ्यात मी तिला भेटलो ती शेवटची भेट. हॉस्पिटलमधून तिला घरी आणलं होतं. ती सोफ्यावर लोकरी टोपी घालून बसली होती, हात इतके बारीक की बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. तिने विचारलं, "काय शिकवलं?" मी सवयीने म्हणालो, "काही विशेष नाही."

"सुमेध," ती म्हणाली, "दोन वर्षं झाली, तुला त्या विद्यापीठात कुणी काही शिकवलंच नाही का? फी परत माग."

मी हसलो. ती हसली नाही.

"तुला वाटतं मला वाईट वाटेल."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"वाटतं न वाईट. का नाही वाटणार? मला जायचं होतं तिथं." तिने श्वास घेतला. "पण तू सांगितलं असतं तर मला वाईट वाटलं असतं आणि शिकायलाही मिळालं असतं. तू नुसतं वाईटच वाटू दिलं."

मग मी सांगितलं. बॅग नव्हती, म्हणून साक्षीच्या वहीचा कागद घेऊन प्रथिनांची साखळी काढली, तिची घडी कशी पडते, आम्ल मिळालं की तिच्यावरचा विद्युतभार कसा जातो, दुधातलं प्रथिन मग कसं एकमेकांना चिकटतं. ती पुढे वाकून बघत होती. थकली की डोळे मिटायची आणि मी थांबलो की म्हणायची, "ऐकतेय, थांबू नको." शेवटी तिने डोळे उघडले आणि विचारलं, "विरजण लावलं तरी आम्लच होतं. लिंबू पिळलं तरी आम्लच. मग एकाचं दही होतं आणि एकाचं पनीर. काऊन?"

मला येईना. मी काहीतरी जुळवून सांगू लागलो, तशी तिने हात वर केला. "माहीत नसेल तर विचारून ये. तिथं विचारायला माणसं आहेत न तुमच्याकडे."

मी लगेच विचारलं नाही. मिडटर्म आल्या. आणि खरं सांगायचं तर दह्याबद्दल प्राध्यापकांना विचारायची मला लाज वाटत होती. मी त्या मोठ्या वर्गात तोवर कधी हात वर केला नव्हता. शेवटी एका लेक्चरनंतर सगळे गेल्यावर मी पुढे गेलो आणि घाईघाईने विचारलं. प्राध्यापकांनी खडू पुन्हा हातात घेतला. अर्धा फळा भरला. मग म्हणाले, छान प्रश्न आहे, कुणाचा? मी म्हणालो, माझ्या लॅब पार्टनरचा. ते म्हणाले, तिलाही घेऊन ये की पुढच्या वेळी. त्यांना वाटलं, ती याच वर्गातली.

उत्तर मिळालं तेव्हा तिला फोन करता आला असता. पण कागदावर काढून दाखवावं, शनिवारी तर जाणारच आहे, असं मी ठरवलं. शनिवार यायच्या आत आईचे ते मिस्ड कॉल आले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम तिच्याच घरी झाला. लोक खूप आले होते. बोलणाऱ्यांनी तिच्या हाताची चव सांगितली, तिचा हसरा स्वभाव सांगितला. माझ्याबद्दलही कुणीतरी म्हणालं की या मुलाला तिने घडवलं. ते ऐकून सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. ती स्वतः काय होऊ पाहत होती, ते कुणी म्हणालं नाही, आणि ज्याला माहीत होतं तो मी भिंतीला टेकून उभा होतो. पुढे होऊन बोलावं असं वाटलं. पण मी रिकामे पेले गोळा करू लागलो.

लोक पांगल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. प्रशांतकाका सिंकपाशी मोठी पातेली घासत होते. त्यांना या घरात भांडी घासताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मी कापड घेऊन पुसायला उभा राहिलो. थोड्या वेळाने मी म्हणालो, "काका, ताईने मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मिळालंय." माझं मलाच ते वेड्यासारखं वाटलं. काकांनी नळ बंद केला. "सांग," ते म्हणाले.

मी सांगितलं. विरजणात आम्ल हळूहळू तयार होतं, आणि सगळ्या दुधात एकाच वेळी. त्यामुळे प्रथिनांना एकमेकांचे हात धरायला वेळ मिळतो, त्यांची जाळी बनते आणि त्या जाळीत पाणी अडकून राहतं. ते दही. गरम दुधात लिंबू पिळलं की सगळं एकदम होतं. जिथे आम्ल पडतं तिथले कण घाईने गोळा होतात आणि पाणी बाहेर टाकतात. आम्लाचं काम दोन्हीकडे तेच, घाई वेगळी.

काका ओल्या हातांनी उभे होते. "मला ती असं काहीबाही विचारायची," ते म्हणाले. "मी म्हणायचो, कॉल आहे, नंतर." मग जरा थांबून, "परत सांग. हळू सांग."

मी परत सांगितलं. या वेळी कट्ट्यावर सांडलेल्या पाण्यात बोटाने साखळी काढून दाखवली. ते वाकून बघत राहिले. त्यांना किती समजलं, सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, "आणि दूध गार असताना लिंबू अगदी थेंब थेंब टाकलं तर? मग दही होईल?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "विचारून सांगतो."

सोमवारी वर्ग भरलेला होता. लेक्चर संपायची मी वाट पाहिली नाही. मध्येच हात वर केला.